शेऱ्याचा रकाना

४ मार्च. आकडा ३३.

वही वीज कंपनीने दिली आहे. तीन रकाने. तारीख, आकडा, शेरा. छपरावरच्या सोलरने दिवसभरात किती वीज केली तो आकडा मीटरवर बघून रोज लिहायचा. महिनाभर लिहून वही दिली की मंजुरी पक्की. शेऱ्यात काय लिहायचं ते कोणी सांगितलं नाही. नात म्हणाली, "आजी, काही विशेष घडलं तर दोन शब्द." आमच्याकडे रोजच विशेष घडतं. आणि मी चौथीपर्यंत शिकले, त्यात दोन शब्दांत आटपायला शिकवलंच नव्हतं. रकाना अरुंद आहे. खालच्या ओळीही घेणार.

आमची लाँड्री आहे. इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे. पूर्वी छपरावर दोऱ्या होत्या, चादरी उन्हात फुकट वाळायच्या. पण दोऱ्यांवर साठ मावायच्या आणि इस्पितळाला रोज दीडशे हव्यात. म्हणून दोऱ्या गेल्या, काचेच्या पाट्या आल्या, त्यांच्या विजेवर ड्रायर फिरतो आणि चादरी वाळतात. तेच ऊन, फक्त वळसा घालून. सूनबाई म्हणते, प्रगती. असेल बाई.

कंपनीचा साहेब आला होता. चष्मा कपाळावर चढवून डोळे मिचकावत कागद वाचणारा.

"आजी, तुम्ही आता नुसत्या ग्राहक नाही. उत्पादक झालात."

"मग यापुढे बिल घ्यायला तुम्ही माझ्या दारात उभे राहा."

हसला नाही. म्हणाला, या रस्त्यावर सोळा छपरांवर पाट्या आहेत. दुपारी वीज उलटी वर चढते आणि जुन्या तारा तापतात. तारा बदलायचा खर्च कंपनीला, आणि तुम्ही लोक वीज घेणार कमी. "मग आमच्या तारा काय पक्ष्यांना बसायला?" असं म्हणाला. मग मुद्द्यावर आला. बाहेरच्या भिंतीला, रस्त्याच्या अंगाला, लाल दांड्याचा स्विच हवा. त्यांचा माणूस खांबावर चढण्याआधी तो ओढणार आणि वर कुलूप घालणार.

मी म्हटलं, "माझ्या घराचा कान रस्त्यावर लटकवू? येणारा-जाणारा पिळून जाईल."

एकतीस तारखेपर्यंत मुदत देऊन गेला. माझा मुलगा त्याच कंपनीत लाईनमन आहे, खांबावर चढतो. तोही तिथेच होता. एका बाजूने नोकर, एका बाजूने मुलगा. 

७ मार्च. आकडा ९.

आजपासून तारा बदलायचं काम सुरू. मंगळवारी आणि शुक्रवारी, दहा ते चार लाईन बंद. मी निर्धास्त. म्हटलं, बंद करा की, माझी वीज माझ्या डोक्यावर आहे.

दहाच्या ठोक्याला लाईन गेली आणि सोलरही गेलं. टळटळीत ऊन, पाट्या नुसत्या चमकतायत आणि खाली मशीन मेलेलं. ड्रममध्ये बेचाळीस चादरी, साबणात, आणि दाराला कुलूप बसलेलं. चारपर्यंत भिजल्या. इस्पितळातून तीन फोन. शेवटच्या फोनवर बाई म्हणाल्या, "जमत नसेल तर तसं सांगा, दुसरे आहेत."

मुलगा संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचा समाचार घेतला.

"आई, ते तसंच असतं. लाईन बंद झाली की सोलर आपोआप बंद होतं. आम्ही त्या तारा हाताने धरतो. तुझं सोलर चालू राहिलं तर तुझी वीज उलटी तारेत येईल."

"म्हणजे मी तुला मारायला पाट्या बसवल्यात का?"

"तसं कुठे म्हणालो?"

"मग माझ्या घरातली वीज माझ्या घरात राहू दे ना. बाहेर कशाला जाईल? तिला काय काम आहे बाहेर?"

त्याने ताटात पाणी सोडलं आणि उठला. कंपनीचं मीठ खातो ना.

९ मार्च. आकडा ३४.

खटपट्याला बोलावलं. हा वायरमन. कागदपत्रं नाहीत, पण बंद पडलेला पंखा नुसता याला बघून फिरायला लागतो. त्याने एक डबी आणली. आत बॅटरी आहे. ही डबी सोलरच्या यंत्राला फसवते. त्याला वाटतं लाईन आहे, की लागतं कामाला.

"पण आजी, आधी मेन स्विच खाली ओढायचा, मगच डबी. नाहीतर वीज रस्त्यावर जाईल. ध्यानात ठेवा."

"चादरी मोजताना माझी एक चुकली आहे का आजवर?"

मुलाला सांगायचं नाही असं ठरलं. सूनबाई कुरकुरली. तिला म्हटलं, तू फोन घे इस्पितळाचा, मग कुरकुर.

११ मार्च. आकडा २७.

मंगळवार. लाईन गेली. मी स्वतः मेन ओढला, दोनदा बघितला, मग डबी लावली. मशीन गुरगुरलं आणि ड्रम फिरला! सूनबाई टाळ्या वाजवायला लागली.

पण अर्ध्या तासात पाणी संपलं. आमचं पाणी शेजारच्या गोदामाच्या विहिरीचं. गोदामाचा मालक दोन वर्षांपूर्वी कुलूप घालून गेला तो गेलाच. जाताना म्हणाला, आजी, पंप वापरा, पडून खराब होईल. पंप विहिरीवर आहे, त्याला वीज गोदामातून. लाईन नाही तर पंप नाही. खटपट्याने तासाभरात आमच्या बोर्डावरून पंपापर्यंत दुसरी वायर ओढून दिली.

मी विचारलं, "जुनी वायर काढायची का?"

"राहू द्या. लाईन असताना त्यावर चालेल, नसताना तुमच्यावर. खरं तर गोदामाचा मेन बंद हवा, पण कुलूप आहे. आणि तिकडे लाईनच नसते ना तेव्हा."

पटलं. दीडशे चादरी वेळेत गेल्या.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपली. गोदामाच्या दारावरचा बल्ब भर दुपारी जळत होता. सगळा रस्ता बंद आणि यांचा बल्ब चालू. मालकाने जनरेटर ठेवला असणार. बंद गोदामाला एवढा थाट, कोण बघतंय?

१४ मार्च. आकडा ३०.

शुक्रवार. सगळं सुरळीत. एक नवीन सोय कळली. चार वाजता लाईन आली की पंपाच्या नव्या वायरीवरचा फ्यूज टक् करून उडतो. मेन ओढलेला असल्यावर लाईन आली हे कळायचं कसं, याची मला काळजी होती. आता हीच आपली घंटा. खटपट्याला दोन डझन फ्यूज आणायला सांगितले.

गोदामाचा बल्ब आजही.

दुपारी मुलगा आणि जाड्या डबा खायला घरी आले. (लगबगीने डबी झाकली. म्हटलं मशीन बंदच आहे, आम्ही घड्या घालतोय.) जाड्या म्हणजे मुलाचा जोडीदार. अठरा वर्षं दोघे एकाच शिडीवर. माझ्या हातचं मुलापेक्षा त्याने जास्त खाल्लंय, आणि ते दिसतं.

"मावशी, आज गंमत झाली," जाड्या म्हणाला. "तुमच्या इकडच्या तिसऱ्या खांबावर तार सोडवली. बंद तार. आणि टेस्टर बोंबलायला लागला! मी म्हटलं टेस्टरला उन्हाळा लागला."

मुलगा म्हणाला, "दुसरा टेस्टर लावायला हवा होता."

"दुसऱ्याला पण उन्हाळा लागला असता. अरे, वीज ट्रान्सफॉर्मरकडून येते. त्या बाजूला आपण साखळी टाकून तार जमिनीला बांधली, आली तरी मातीत जाईल. या बाजूला काय आहे? एक बंद गोदाम आणि मावशी. हे लाईनचं शेपूट आहे. शेपटातून वीज येते का कधी?"

सगळे हसले. मीही हसले.

कंपनीची हत्यारंसुद्धा जुनाट. तारा बदलण्याआधी टेस्टर बदला म्हणावं.

१८ मार्च. आकडा २९.

मंगळवार. काम चोख.

मुलगा जेवत नाही धड. संध्याकाळी अंगणात उभा होता, गोदामाकडे तोंड करून.

"आई, गोदामात कोणी येतं का?"

"घुशी येतात."

"वीज वापरतं का कोणी?"

"मला काय विचारतोस? मी काय गोदामाची सासू?"

मग मला म्हणाला, तो लाल स्विच बसवून टाक, एवढं माझं ऐक. मी म्हटलं, साहेबाने शिकवून पाठवलं वाटतं. बढती हवी असेल. आईच्या भिंतीवर स्विच ठोकून बढती मिळते तर मिळू दे त्याला, पण मी नाही बसवणार.

२१ मार्च. आकडा २६.

जाड्याला शॉक लागला.

अकराला. तिसऱ्या खांबावर. उजवा हात तारेला चिकटला, मग सुटला, आणि तो कमरेच्या पट्ट्यावर उलटा लोंबकळत राहिला. मुलाने वर जाऊन त्याला खांद्यावर घेऊन उतरवलं. एवढं ओझं कसं उतरवलं देव जाणे. आम्हाला एकला कळलं. मशीन चालू होतं. आवाजात काही ऐकू येत नाही.

२२ मार्च. आकडा ३३.

इस्पितळात गेले. जाड्या शुद्धीवर आहे. हात कोपरापर्यंत बांधलेला. दोन बोटं राहतील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. त्याच्याखालची चादर आमची होती. कोपऱ्यात माझा निळा टाका. मंगळवारच्या धुण्यातली असणार. घडी मीच घातली होती.

"मावशी, चादर चुरगळली," म्हणाला.

"गप. आणखी दीडशे आहेत."

त्याची बायको दारात उभी होती. रडत नव्हती. मला विचारलं, "बंद तारेत वीज कुठून आली?" मी म्हटलं, कंपनीचा गोंधळ, दुसरं काय. कोणीतरी लवकर बटण दाबलं असेल.

मुलगा तिथेच होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे.

२५ मार्च. आकडा ३४.

काम बंद आहे, चौकशी चालू आहे. म्हणून आज लाईन गेली नाही.

चौकशीचा निकाल तोंडी लागला. साहेब म्हणतो, वरून लाईन बंद होती, त्याची नोंद आहे. बटण कोणी दाबलं नाही. म्हणजे जाड्यानेच चुकून शेजारची चालू तार धरली. निष्काळजीपणा. कामावरून कमी करणार, आणि हाताचं काही मिळणार नाही. लेखी हुकूम एकतीस तारखेनंतर.

अठरा वर्षांत जाड्याने डबा सोडून दुसरं काही चुकून धरलेलं मला आठवत नाही.

झोप लागत नाही. पाय शिवशिवतात. दिवसा दोनदा इस्त्री करपवली. सूनबाई म्हणाली, "तुम्ही बसा हो जरा." बसून काय करू?

२८ मार्च. आकडा १०.

काम पुन्हा सुरू. नवीन जोडी आली आहे, मुलगा आणि एक पोरसवदा. अजून चढले नव्हते, खाली साहेबाशी बोलत होते. लाईन गेली. मी मेन ओढला, डबी लावली, पंप लावला. सवयीने अंगणात आले. गोदामाचा बल्ब लागलेला.

मग उगाच मनात आलं, जनरेटरचा आवाज का येत नाही?

कुंपणाला कान लावला. घुशीसुद्धा नाही. दोन वर्षं बंद गोदाम, जनरेटरला तेल कोण घालतं?

आत आले. सूनबाईला म्हटलं, "मी अंगणात उभी राहते. तू पंपाचं बटण बंद कर."

बल्ब गेला.

"चालू कर."

बल्ब आला.

"बंद कर."

गेला.

"आई, काय चाललंय?" आतून विचारत होती. मी तशीच आत गेले आणि डबीची वायर हाताने ओढून तोडली. मशीन थांबलं. मग रस्त्यावर धावले. या वयात, पदर खोचून. मुलाचा एक पाय शिडीवर होता.

"चढू नकोस!"

सगळ्यांनी बघितलं. मला पुढचं काही सुचेना. म्हटलं, "आधी जेवून घे."

तो उतरला. सव्वादहा झाले होते. जेवायची वेळ नव्हती. उतरला आणि आमच्या बाजूच्या तारेलाही साखळी टाकून आला.

दुपारी वही काढून मागची पानं वाचली. अकरा, बल्ब. चौदा, बल्ब, आणि त्याच पानावर जाड्याचा टेस्टर. मीच लिहिलंय. माझ्याच अक्षरात. घंटा म्हणे! दोन डझन फ्यूज मागवले होते मी. माझी वीज मेनमधून बाहेर गेलीच नाही. पंपाच्या दोन वायरींतून गोदामात गेली आणि गोदामातून तारेत. तिला बाहेर काही काम नव्हतं. मी दिलं.

२९ मार्च. आकडा ३१.

खटपट्या आला, हात जोडून. "आजी, मी वायर काढून नेतो. डबी नव्हती, वायर नव्हती. कुणाला काही कळणार नाही." वायर काढायला लावली. डबी ठेवून घेतली.

सूनबाई म्हणाली, "पानं फाडा आणि आकडे नव्या वहीत उतरवू. नाहीतर सोलर काढतील, इस्पितळाचं काम जाईल, आणि यांची नोकरीही. लाईनमनच्या घरातूनच वीज आली म्हटल्यावर!" ती खोटं बोलत नाही. तिन्ही गोष्टी होऊ शकतात.

मुलाला विचारलं, "तुला कळलं होतं?"

"वाटलं होतं. अठरा तारखेपासून."

"मग बोलला का नाहीस? जाड्याला तरी!"

तो नखांतली घाण काढायला लागला.

"बोललो असतो तर तुझी लाईन तोडायला मलाच पाठवलं असतं. मला वाटलं, मीच आधी चढेन त्या खांबावर, म्हणजे झालं. त्या दिवशी माझीच पाळी होती. जाड्या म्हणाला, तू काल जेवला नाहीस, मी चढतो."

मी उठून इस्त्री गरम करायला घेतली. करायला काहीतरी हवं.

३१ मार्च. आकडा १२, सकाळपर्यंतचा.

वही घेऊन कंपनीत गेले. साहेबाच्या टेबलावर ठेवली, शेजारी डबी ठेवली. साहेबाने चष्मा कपाळावर चढवला आणि आकडे एका कागदावर भराभर उतरवून घेतले. चार मिनिटं लागली नसतील. शिक्का उचलला.

"छान. मंजूर. स्विचचं बघू पुढे."

"शेरे वाचा की."

"शेरे आम्ही वाचत नाही, आजी. नुसते आकडे भरायचे असतात."

शिक्का हवेत होता. मी नुसतं उठून आले असते तर झालं असतं. पानं फाडायचीसुद्धा गरज नव्हती. कंपनीत माझं लिहिलेलं वाचणारं कोणी नाही, हे मला महिन्याभरात कोणी सांगितलं नाही.

मी त्याचा हात धरला. शिक्क्यासकट.

"अकरा तारीख वाचा. मोठ्याने."

"आजी, रांग आहे मागे."

"रांगेलाही ऐकू दे."

वाचलं त्याने. आधी घाईने, मग सावकाश. चौदाला थांबला आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. एकवीसपर्यंत आला तेव्हा मागची रांग टेबलाभोवती गोळा झाली होती.

मी म्हटलं, "जाड्याने शेजारची तार धरली नाही. बंद तारच धरली. चालू मी केली होती. आता तो कागद फाडा, निष्काळजीपणाचा."

वही त्यांनी ठेवून घेतली.

९ एप्रिल.

ही वही पावत्यांच्या मागच्या बाजूची. आकडा नाही, कारण सोलर तोडलं आहे. मुलानेच तोडलं. कंपनीने त्यालाच पाठवलं. मी शिडी धरली.

जाड्याचा कागद फाटला. हाताचं सगळं कंपनी देणार आहे. दोन बोटं गेली. सोलर तोडून झाल्यावर मुलाला महिनाभर घरी बसवलंय, शिडीपासून लांब. बढती तर सोडाच. दंड माझ्या नावावर आहे, आणि तो मी भरणार, सूनबाईने त्यात तोंड घालायचं नाही. इस्पितळाचं अर्धं काम दुसरीकडे गेलं. छपरावर पाट्यांच्या मधे जेवढी जागा आहे तेवढ्यात दोऱ्या बांधल्या. एकोणीस चादरी मावतात.

जाड्याच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. तिचा हक्कच आहे. दारातूनच सांगितलं, कुठून आली ते. तिने ऐकलं आणि दार लावलं.

१७ जून. आकडा ४, दहापर्यंतचा.

दुसरी वही, पुन्हा कंपनीची. काल सोलर जोडलं. भिंतीवर, रस्त्याच्या अंगाला, लाल दांडा. सोळाही घरांना सक्तीचा केलाय आता, आणि साखळी दोन्ही बाजूंना. साहेबाने कागदावर लिहिलंय की शेपटाकडूनही वीज येऊ शकते. शेऱ्याच्या रकान्याखाली आता बारीक अक्षरांत छापतात: हा रकाना वाचला जातो. खरं की खोटं, कोण जाणे.

आज मंगळवार. ड्रममध्ये अडतीस चादरी घालून झाल्या आणि दारात हाक आली.

"मावशी, लाईन बंद करतोय."

जाड्या. वजन उतरलंय, ओळखू येत नाही. खांबावर चढायला देत नाहीत, खाली उभा राहून स्विच आणि साखळ्या बघायचं काम दिलंय. वर मुलगा चढतो.

मी बाहेर आले. त्याने तीन बोटांनी लाल दांडा ओढला, कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं. मग चावी काढली आणि माझ्याकडे धरली.

"ठेवता का, मावशी? तुमचंच घर आहे."

"तुझ्या खिशात राहू दे," मी म्हटलं. "तो खाली उतरेपर्यंत मला देऊ नकोस. मागितली तरी देऊ नकोस."

"डबा?"

"बाराला. बायकोला विचारून ये."

आत चादरी भिजतायत. इस्पितळाचा एक फोन येऊन गेला. गोदामाचा बल्ब विझलेला आहे, चार वेळा जाऊन बघितला. आता पाचव्यांदा जाते.

शेरा: मुलगा वर. चावी जाड्याच्या खिशात.